रस्त्यावरच्या तेलवाल्याकडचा सांडा: हा प्राणी कसा जगतो आणि त्याला येऊरला का सोडायचं नाही

कळव्याच्या एका ताईंचा प्रश्न आहे. स्टेशनकडे जाताना फुटपाथवर एक माणूस चादर पसरून बसतो, पुढ्यात जाड काटेरी शेपटीचे तीन-चार जिवंत सरडे, बाजूला स्टोव्हवर तेल गरम होतंय, गुडघेदुखीवर आणि पुरुषांच्या ताकदीवर हमखास औषध म्हणून विकतो. आईने वडिलांच्या गुडघ्यासाठी एक बाटली घेतलीसुद्धा. ताईंना विचारायचंय की ही घोरपडीची पिल्लं आहेत का, ती हलत का नाहीत, आणि पैसे देऊन ती सोडवून ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात सोडली तर जगतील का. मी ठाण्यात बरीच वर्षं साप आणि सरडे रेस्क्यू करतोय आणि हा प्राणी त्याच्या मूळ जागी, कच्छ आणि राजस्थानात जाऊन बघितलाय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी कामाचं. विकत घेऊ नका, येऊरला सोडू नका, त्या माणसाशी भांडू पण नका. थोडं लांब जा आणि वनविभागाच्या 1926 या नंबरवर फोन करा. बाकी पुढे सांगतोच.

ही घोरपड नाही, सांडा आहे. घोरपड आपल्याकडची, येऊर, मानपाडा, खारघरच्या डोंगराला लागून असलेल्या सोसायट्यांमध्ये पावसाळ्यात सर्रास दिसते, तिचं तोंड निमुळतं, जीभ सापासारखी दुभंगलेली, शेपटी लांब आणि गुळगुळीत, आणि ती मांसाहारी, अंडी, उंदीर, किडे, मेलेलं काहीही खाते. सांड्याचं डोकं आखूड आणि गोलसर, अंग चपटं आणि थुलथुलीत, आणि शेपटीवर ओळीने काट्यांची कडी. मांडीच्या पुढच्या बाजूला एक काळा डाग असतो, तो दिसला की शंकाच नको. पूर्ण वाढलेला नर साधारण 40 ते 49 सेंटिमीटर, मादी थोडी लहान. शास्त्रीय नाव सारा हार्डविकी, 1827 साली ग्रे नावाच्या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने त्याची नोंद केली, जुन्या पुस्तकांत युरोमॅस्टिक्स म्हणून सापडेल. आपल्या देशात राजस्थान, गुजरात, हरियाणाच्या कोरड्या भागात आणि पलीकडे पाकिस्तानात राहतो. ठाणे, रायगड, पालघर कुठेच हा नैसर्गिकपणे नाही, त्यामुळे इथे दिसलेला प्रत्येक सांडा कोणीतरी पकडून शेकडो किलोमीटर आणलेला असतो.

आता तो जगतो कसा ते सांगतो, कारण ते कळलं की येऊरला सोडायचा विचार आपोआप मागे पडतो.

सांड्याचं सगळं आयुष्य एका बिळाभोवती फिरतं. त्याला वाळूच्या टेकड्या फारशा लागत नाहीत, लोकांना वाटतं वाळवंटी प्राणी म्हणजे सरकती वाळू, पण याला लागते सपाट, घट्ट, थोडी कडक जमीन, मधेमधे खुरटं गवत आणि झुडपं, आणि चारही बाजूंनी लांबवर मोकळं दिसणारं आभाळ. अशा जमिनीत तो तिरकं, वळणं घेत जाणारं बीळ खणतो, दोन मीटरपेक्षा लांब बिळं आहेत. तोंड अर्धचंद्रासारखं, जमिनीच्या बरोबरीने, वर मातीचा ढीग नाही, त्यामुळे सवय नसेल तर तुम्ही बाजूने चालत जाल आणि कळणार नाही. एका पट्ट्यात पुष्कळ बिळं असतात, वस्तीच म्हणा, पण एका बिळात एकच जनावर. अपवाद फक्त मादी आणि नवीन पिल्लांचा, ती काही काळ आईच्याच बिळात राहतात.

आणि हा प्राणी रोज संध्याकाळी दार लावतो. खरंच. ऊन उतरलं की आत जातो आणि आतून माती ढकलून बिळाचं तोंड बंद करतो. बाहेरून बघितलं तर ताजी माती भरलेला एक हलकासा खळगा, बस. यामुळे रात्री फिरणारे साप, कोल्हे, रानमांजरं यांना सहज आत शिरता येत नाही आणि आतली हवा बाहेरच्या हवेपासून तुटते. थरच्या वाळवंटात मे-जूनला उघडी वाळू दुपारी 60 अंशांच्या वर जाते, हिवाळ्यात रात्री गोठायला होतं, पण खाली बिळात तापमान फारसं हलत नाही आणि थोडी ओलही टिकून असते. नोव्हेंबर ते साधारण फेब्रुवारी तो आत झोपूनच काढतो, काही खात नाही. त्या सगळ्या महिन्यांची शिदोरी म्हणजे पोटाच्या खालच्या भागात साठवलेली चरबी. तुमच्या आईने घेतलेल्या बाटलीत जर खरोखर सांड्याचं तेल असेल तर ती ही शिदोरी वितळवलेली आहे.

सकाळचं बघण्यासारखं असतं. सूर्य उगवला तरी घाई नाही, जमीन तापायला लागली की मग मातीचं दार आतून हलतं, डोकं बाहेर येतं आणि तिथेच थांबतं. बराच वेळ. आभाळ बघतो, आजूबाजू बघतो, मग अर्धं अंग, मग पूर्ण. बाहेर आल्यावर लगेच खायला जात नाही, बिळाच्या तोंडाशीच अंग पसरून उन्हाला पाठ देऊन बसतो. या वेळी तो गडद, मातकट करडा असतो, गडद रंग ऊन जास्त शोषतो. अंग तापलं की रंग फिका पिवळट होत जातो, दुपारकडे बघाल तर वाटेल हा दुसराच कोणी आहे. रंगावरून मला लांबूनच कळतं की हा आत्ता चरायला निघणार की अजून बसणार.

मग चरायला निघतो, आणि चरणं हाच शब्द बरोबर आहे. भारतातल्या सरड्यांमध्ये मुख्यतः झाडपाल्यावर जगणारा हा एकमेव. गवताचे कोवळे शेंडे, केर नावाच्या वाळवंटी झुडपाची फुलं, खेजडीचा म्हणजे शमीचा गळलेला पाला आणि शेंगा, सेवण गवत, जे मोसमात असेल ते. पिल्लं किडे बऱ्यापैकी खातात, मोठे पण टोळ-भुंगे मिळाले तर सोडत नाहीत, पण पोट भरतं पाल्यावर. पाणी पिताना फार कोणी बघितलेलं नाही, पाणी पाल्यातूनच मिळतं, आणि पाल्यातलं जादा मीठ नाकातल्या ग्रंथींमधून बाहेर टाकतो, नाकपुडीजवळ पांढरट पापुद्रा दिसतो तो त्याचाच. नवीन लोकांना तो आजार वाटतो.

पाला पचवणं सरड्याला सोपं नाही. त्याच्या आतड्यातले सूक्ष्मजीव पाला कुजवून त्यातलं सत्त्व काढतात आणि त्या कामाला अंग तापलेलं लागतं, 38-40 अंशांच्या आसपास. म्हणून हा प्राणी उन्हाशिवाय जगूच शकत नाही, ऊन नसेल तर पोटातलं अन्न तसंच पडून सडतं आणि भरल्या पोटी जनावर मरतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, येऊरच्या उत्तरात परत लागेल.

चरताना बिळापासून फार लांब जात नाही आणि एक डोळा सतत वर. लग्गड ससाणा, सापमारी गरुड, तपकिरी गरुड हे सगळे सांडा खातात, लग्गड ससाण्याचं तर वाळवंटात पिल्लं वाढवताना बरंच काही यावर चालतं. जमिनीवरून वाळवंटी कोल्हा, वाळवंटी रानमांजर, घोरपड, दुतोंड्या साप. एक सांडा म्हणजे गवताचं मांस करणारं जनावर, अख्ख्या त्या कोरड्या जमिनीवरच्या शिकाऱ्यांचं पोट त्याच्यावर उभं आहे, म्हणून वस्ती उठली की फक्त सरडा कमी होत नाही. सावली दिसली की सरळ रेषेत बिळाकडे पळतो, आणि एवढं जड दिसणारं जनावर इतकं जोरात पळेल असं वाटत नाही. आत शिरला की तोंड आतल्या बाजूला आणि काटेरी शेपटी दाराकडे. कोणी तोंड घातलंच तर शेपटीचा फटका. चावायच्या भानगडीत सहसा पडत नाही, शेपटी आणि नखं हीच हत्यारं. अंग फुगवून बिळात असा अडकून बसतो की ओढून निघत नाही.

थंडी संपून बाहेर आले की वसंतात जोडीचा मोसम, नर एकमेकांच्या मागे लागतात, शेपट्या हाणतात. मादी साधारण 6 ते 20 अंडी घालते, पांढरी, कबुतराच्या अंड्याएवढी, आणि त्यातली मोठी होऊन परत अंडी घालणारी फार थोडी वाचतात. हे मुद्दाम सांगतोय कारण तेलवाले म्हणतात वाळवंटात लाखो आहेत, संपणार थोडेच. आययूसीएन या जागतिक निसर्ग संवर्धन संघटनेच्या यादीत हा आता असुरक्षित वर्गात आहे. कारणं अनेक आहेत, कालव्याचं पाणी आल्यावर माळरान नांगरलं जातं, कच्छमध्ये गांडो बावळ म्हणजे वेडी बाभूळ पसरून मोकळी जमीन उरत नाही, भटकी कुत्री बिळं उकरतात, आणि याच्या जोडीला ही शिकार.

शिकार कशी होते ते थोडक्यात. संध्याकाळी लावलेलं ते दारच शिकाऱ्याला पत्ता सांगतं, पहाटे गार असताना जनावर सुस्त असतं, तेव्हा खणून काढतात, काही जण बिळाच्या तोंडाशी गवत घासून साप आल्याचा आवाज करतात आणि तो शेपटीने दार अडवायला वर आला की पकडतात. जी सवय त्याला साप-कोल्ह्यांपासून वाचवते तीच माणसापुढे घात करते. पकडल्यावर पहिलं काम म्हणजे कमरेतला मणका निखळवायचा, म्हणजे पळता येत नाही. तुम्ही विचारलंत ना हलत का नाहीत, त्याचं उत्तर हे आहे. तो शांत, माणसाळलेला वगैरे काही नाही, त्याचे मागचे पाय गेलेले आहेत. आणि सरड्याचं अंग फार सावकाश चालतं, वर चरबीचा साठा, त्यामुळे अशा अवस्थेत, न खाता, पोत्यात भरून रेल्वेने आणलं तरी तो बरेच दिवस मरत नाही. तेलवाल्याला जिवंत माल मांडता येतो तो यामुळेच.

तेलाबद्दल. चरबी म्हणजे चरबी, तिच्यात जी मेदाम्लं असतात ती इतर प्राण्यांच्या चरबीत आणि आपल्या खायच्या तेलात पण असतात. गरम तेल चोळलं की दुखऱ्या सांध्याला तेवढ्यापुरतं बरं वाटतं, ते चोळण्याने आणि शेकण्याने, तिळाच्या तेलाने पण तेवढंच वाटेल. ताकदीचा दावा तर सोडूनच द्या. वडिलांचा गुडघा हाडांच्या डॉक्टरला दाखवा, एक्स-रे काढा, या वयात झीज असते आणि तिच्यावर व्यायाम आणि औषधं दोन्ही आहेत. आईवर चिडू नका, त्यांनी नवऱ्याच्या दुखण्यापोटी घेतलंय, पण बाटली वापरू नका आणि फेकूही नका, वनविभागाच्या माणसाला दाखवा आणि कुठून कधी घेतली ते खरं सांगा, तपासात उपयोग होतो.

आता येऊर. तुमची भावना मला पूर्ण कळते आणि दर वेळी कोणीतरी हेच विचारतं, की जंगलच आहे, नॅशनल पार्कला लागून आहे, तिथे का नको. जैसलमेरला वर्षभरात 200 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आपल्याकडे ठाण्यात 2000 च्या वर, आणि तो जवळपास सगळा चार महिन्यांत. सांडा बिळाशिवाय एक रात्र पण सुरक्षित नाही आणि येऊरच्या उतारावर दगड नाहीतर पाणी मुरणारी माती, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात त्याच्या बिळात पाणी उभं राहणार. त्यात डोक्यावर झाडी, ऊन जमिनीवर पोचत नाही, पावसाळ्यात तर आठवडेच्या आठवडे सूर्य नाही, म्हणजे मगाशी सांगितलं तसं पोटातला पाला पचणार नाही. दमट हवेत कातडीला बुरशी आणि फुफ्फुसाचा संसर्ग हे सरड्यांमध्ये ठरलेलं. शिवाय मागचे पाय लुळे असलेला सांडा बीळ खणणारच कसा, पुढच्या पायांनी माती सुटते पण मागच्यांनी ती मागे फेकावी लागते. येऊरला सोडलेला सांडा मरतो, फक्त आपल्या डोळ्यांसमोर मरत नाही. आणि बाजारातून आलेल्या जनावराच्या अंगावरचे परजीवी आपल्या घोरपडी-सरड्यांमध्ये गेले तर ते वेगळंच. खारघरची टेकडी, पारसिक, उरणकडचं मोकळं माळरान, सगळ्यांना हेच उत्तर.

पैसे देऊन सोडवणं तर अजून वाईट, त्याला गिऱ्हाईक मिळालं, पुढच्या खेपेला तो दुप्पट आणेल. आणि वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 खाली सांडा संरक्षित आहे, विकणं जसा गुन्हा तसं विकत घेणं आणि घरी ठेवणं पण गुन्हा, हेतू चांगला असला तरी.

मग काय करायचं. 1926 ला फोन करताना जागा नीट सांगा, म्हणजे कुठल्या स्टेशनच्या कुठल्या बाजूला, कुठल्या दुकानासमोर, माणसं किती, जनावरं अंदाजे किती, पिशव्या-पोती आहेत का, किती वाजेपर्यंत बसतो. पोलिसांचा 112 पण चालतो, पण वनविभागाला कळवा असं आवर्जून सांगा. लांबून एखादा फोटो निघाला तर बघा, नाहीतर राहू दे. पथक पोचायच्या आधी ग्रुपवर किंवा इन्स्टाला टाकू नका, पाच मिनिटांत चादर गुंडाळून माणूस लोकलमध्ये असतो. ताबा घेतल्यावर पंचनामा होतो, जनावरं मुद्देमाल धरली जातात, प्राण्यांचे डॉक्टर एक्स-रे काढून मणका बघतात. ज्याचा मणका शाबूत आहे त्याला कोरड्या, उबदार, भरपूर उजेडाच्या जागेत पाला देऊन सावरतात आणि मग कोर्टाच्या आणि दोन्ही राज्यांच्या वनविभागाच्या परवानगीने त्याच्या मूळ भागात पाठवायचा प्रयत्न होतो. याला वेळ लागतो. पाठीचा कणा तुटलेला परत जाऊ शकत नाही, त्याला वेदना होऊ नयेत एवढंच करता येतं.

कधी कोणी बेवारस टाकून गेला आणि सांडा तुमच्याच हाती आला तर भोकं पाडलेला कोरडा खोका, तळाला सुती कापड, अंधार, आणि माणसांपासून लांब. पाणी ओतू नका, अंघोळ नको, अंडं-मांस-दूध काही भरवू नका, शेपटीने उचलू नका. पथक येईपर्यंत एवढंच पुरेसं आहे.

जाता जाता घोरपडीचं सांगतो कारण तीही याच चादरीवर असते. तिचंही तेल विकतात आणि पूजेच्या दुकानांत हत्था जोडी म्हणून काळपट, हाताच्या पंजासारखी दिसणारी जी मुळी मिळते ती मुळी नाहीच, ते नर घोरपडीचं वाळवलेलं जननेंद्रिय असतं. 2017 मध्ये हे मोठ्या प्रमाणावर उघडकीला आलं, तरी लोक अजून तिजोरीत ठेवतात. घोरपडीला कायद्याने वाघाइतकंच संरक्षण आहे. दिसली तर तेही कळवा.

आणि सांडा बघायचाच असेल तर जिवंत, धडधाकट बघा. चुरू जिल्ह्यातलं ताल छापर, जैसलमेरकडचं डेझर्ट नॅशनल पार्क किंवा कच्छचं माळरान, मार्च-एप्रिल सगळ्यात छान, सकाळी ऊन चांगलं चढल्यावर जा, फार लवकर जाऊन उपयोग नाही, दार बंदच असतं. बिळाच्या तोंडापासून पंचवीस-तीस पावलं लांब खाली बसा, दुर्बीण हवीच, सावली बिळावर पडू देऊ नका आणि हालचाल करू नका, एकदा आत गेला की बराच वेळ येत नाही. स्थानिक गाईड घ्या, त्याचे पैसे गावात जातात आणि गावाला सांडा जिवंत असण्यात रस राहतो. फोटो हवे तेवढे टाका, पण फोनमधलं लोकेशन बंद करून, आणि गावाचं नाव, बिळांच्या खुणा काही लिहू नका, तेलवाले आपल्याच पोस्ट वाचतात.